ट्रेलर-कॅराव्हॅन: १२ फुटी घ्यावा की १६ फुटी? स्कॉर्पिओ-एन ओढेल का?

ओवळेकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकतो.

घोडबंदर रोडला ओवळ्यात राहतो. घरात आम्ही दोघं, मुलगी दहावीला, मुलगा सहावीत आणि आई. मे महिन्यात आणि दिवाळीत गुहागरला काकांच्या वाडीत जातो. घर जुनं, संडास मागच्या परसात. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. रात्री ती बॅटरी घेऊन परसातल्या पायऱ्या उतरते, तेव्हा मला झोप लागत नाही. काकांना घर पाडून नवं बांधायचं नाही आणि मलाही ते मागायचं नाही. म्हणून विचार आला की आतच पलंग आणि संडास असलेला ट्रेलर गाडीमागे न्यावा आणि अंगणात लावावा. पुढे जमलं तर भंडारदरा, भोर असं फिरणंही होईल.

गाडी स्कॉर्पिओ-एन, डिझेल, झेड८, मॅन्युअल, टू-व्हील ड्राइव्ह. एका फॅब्रिकेटरने दोन मॉडेलं दाखवली. १६ फुटीमध्ये डबल बेड, मुलांसाठी वर-खाली बर्थ, संडास-बाथरूम, एसी, सगळं आहे आणि वजन 'फक्त ९०० किलो' सांगतोय. १२ फुटीमध्ये एक बेड, एक बाकडं आणि छोटा संडास. मन १६ फुटीवर आहे. ज्यांनी प्रत्यक्ष ओढलाय त्यांनी सांगा, काय घेऊ?

खारघरचा वारा

ओवळेकर, पैसे दिले नसतील तर थांबा. माझ्याकडे तीन वर्षांपासून १४ फुटी आहे, डी-मॅक्स व्ही-क्रॉस या पिकअपमागे ओढतो. माझी पहिली चूक होती ती सांगतो.

मलाही 'रिकामं वजन ९०० किलो' असंच सांगितलं होतं. ताब्यात घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळच्या वजनकाट्यावर नेला. चिठ्ठीवर आकडा आला ११८०. एसी, बॅटरी, चांदणी (दाराबाहेर ताणायचं कापडी छप्पर), गाद्या, प्लायवूडची कपाटं ही सगळी 'ॲक्सेसरी' म्हणून त्यांनी वजनात धरलीच नव्हती. पाणी, भांडी, कपडे, गॅस, खुर्च्या भरून पुन्हा काटा केला तर १४६०. मोठ्या मॉडेलचं '९००' ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे तीच चिठ्ठी येते. तुमच्या १६ फुटीत बर्थ आणि बाथरूम आहे, म्हणजे भरल्यावर तो दीड टनाच्या खाली राहील असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. नाशिकहून परत येताना पडघ्याच्या आसपास माझा वेग ८५ च्या घरात होता. शेजारून एक बस जोरात पुढे गेली आणि मागचा ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. बायकोने डॅशबोर्ड धरला. मी ब्रेक मारला नाही, फक्त ॲक्सिलरेटर सोडला आणि स्टिअरिंग सरळ घट्ट धरून ठेवलं. पाच-सात सेकंदांत शांत झाला. ती पाच-सात सेकंदं मी आजही विसरलेलो नाही.

घरी येऊन कारण शोधलं. कपलर, म्हणजे ट्रेलरच्या नाकाचा गाडीमागच्या बॉलवर बसणारा जोड, गाडीवर खाली किती भार टाकतो, म्हणजे नोज वेट, ते फक्त ४५ किलो निघालं. १४६० च्या जेमतेम ३ टक्के. शंभर लिटरची टाकी ॲक्सलच्या मागे होती, ६० किलोची ट्यूब्युलर बॅटरी अगदी मागच्या पलंगाखाली आणि त्याच्याही मागे दोन सायकली टांगलेल्या. शेपूट जड, नाक हलकं. टाकी ॲक्सलच्या पुढे घेतली, बॅटरी पुढच्या पेटीत आणली, सायकली व्ही-क्रॉसच्या हौद्यात टाकल्या. नोज वेट १२५ झालं, म्हणजे साधारण पावणेनऊ टक्के. त्यानंतर एकदाही हललेला नाही. आणि आता ६५ च्या वर जातही नाही.

मोजायला घरचा बाथरूमचा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जमिनीवर समतल उभा करायचा, चाकं घरंगळू नयेत म्हणून उटी लावायची, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर कपलर टेकवायचा. अमेरिकेत १० ते १५ टक्के सांगतात, युरोपात ५ ते ७. आपल्याकडे गाडी आणि हिच (ट्रेलर जोडायला गाडीमागे बसवतात तो सांगाडा) यांची मर्यादा सांभाळून ७ ते १० च्या मध्ये राहा, असं माझं मत.

सानपाडा सायकल

वाचतोय. एक भाबडा प्रश्न, ट्रेलरपेक्षा व्हॅनच बनवून घेतली तर? हलणं नाही, कपलर नाही.

खारघरचा वारा

प्रश्न योग्य आहे. रोज नवीन गावी मुक्काम असेल तर व्हॅनच बरी. पण ओवळेकरांना एका अंगणात आठ-दहा दिवस मुक्काम करायचाय. तिथे ट्रेलर सोडून गाडी मोकळी राहते. आईंना चिपळूणला डॉक्टरकडे न्यायचं झालं तर अख्खं घर सोबत न्यावं लागत नाही.

टर्नर-फिटर

ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळ्याला ३१ वर्षं वर्कशॉपमध्ये काढली. आता निवृत्त आहे, पण वेल्डिंग बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ओवळेकर, तुम्ही पलंग बघताय. आधी ट्रेलरखाली आडवे होऊन बघा.

ॲक्सलवर क्षमतेची प्लेट आहे का? भरलेल्या वजनापेक्षा ती निदान २०-२५ टक्के जास्त हवी. टायरच्या बाजूला लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलेल त्याचा आकडा) आणि चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नव्या ट्रेलरला जुने टायर मारलेले मी बघितले आहेत. उभ्या उभ्या टायर म्हातारे होतात, नक्षी छान दिसते आणि आतून तडे गेलेले असतात.

ब्रेकबद्दल मात्र माझं काहीही ऐकलं नाहीत तरी एवढं ऐका. ब्रेक नसलेला ट्रेलर घेऊ नका. युरोपात ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत आणि तो आकडा उगाच ठरवलेला नाही. दोन प्रकार मिळतात. ओव्हररन, म्हणजे गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलतो, कपलरचा दांडा आत जातो आणि त्याच दाबाने ब्रेक लागतात. दुसरा इलेक्ट्रिक, त्याचा कंट्रोलर गाडीत ड्रायव्हरजवळ असतो. ट्रेलर हलायला लागला तर नुसते त्याचेच ब्रेक हाताने लावता येतात, हा इलेक्ट्रिकचा मोठा फायदा. ओव्हररनला वायरिंगची कटकट नाही. दोन्हीत ब्रेकअवे केबल हवीच. कपलर निसटला तर ती ताणली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात.

आणि हिच गाडीच्या चासीला बोल्ट केलेला हवा. बंपरच्या ब्रॅकेटला लावलेले शोभेचे बॉल असतात, त्यांवर काही ओढायचं नाही.

घाटपाणी

+१ टर्नर-फिटर काका.

मी नेरूळहून बोटीचा ट्रेलर ओढतो, बहुतेक वेळा कोकणातच. गाडी 'ओढेल का' हा प्रश्न सगळे विचारतात, म्हणून हिशोबच मांडतो. भरलेला ट्रेलर १४०० किलोचा आणि चढ सहा टक्के, म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर. ताशी ४० ने चढायला नुसत्या ट्रेलरपायी लागतात साधारण बारा हॉर्सपॉवर. दहा टक्के चढाला वीस. स्कॉर्पिओ-एनच्या या इंजिनाला १७५ पीएस आणि ३७० न्यूटन-मीटर टॉर्क आहे. ओढण्याचा प्रश्नच नाही.

प्रश्न उताराचा आहे. तुमची वाट डोळ्यांसमोर आणा. पनवेल सोडलं की कर्नाळ्याची खिंड, मग सुकेळी, पोलादपूरनंतर कशेडी (बोगद्याने गेलात तर सोपं), खेडजवळ भोस्ते आणि चिपळूणच्या तोंडावर परशुराम. माणसं-सामानासह गाडी सव्वादोन-अडीच टन. तिच्यामागे दीड टन ढकलतोय. परशुराम घाटात पुढे एसटी थांबली की थांबायचंय सगळ्या चार टनांना. आणि वेगाचा हिशोब सरळ नसतो. ६० चे ८० केलेत की जिरवायची ऊर्जा पावणेदोन पटीच्या वर जाते.

म्हणून उतार लागायच्या आधी गिअर खाली घ्या, उतारात नव्हे. इंजिनला धरू द्या, ब्रेक तोडून तोडून वापरा. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर खाली पोहोचेपर्यंत पेडल मऊ लागतं आणि चाकांचा वास येतो. मॅन्युअल गाडीत दुसरी जपायची गोष्ट क्लच. चढावर गर्दीत थांबून-निघून करताना हँडब्रेकवर धरा, अर्ध्या क्लचवर लटकवून ठेवू नका. परवडलं असतं तर ट्रेलरसाठी मी ऑटोमॅटिकच सुचवली असती.

सानपाडा सायकल

ऑस्ट्रेलियात हीच स्कॉर्पिओ २५०० किलो ओढू शकते असं वाचलंय. मग दीड टनाला एवढं का घाबरायचं?

घाटपाणी

बरोबर वाचलंत. तिथे ब्रेकवाल्या ट्रेलरला २५०० आणि बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलो. इंग्लंडमध्ये १.९ लिटरच्या डी-मॅक्सलाही साडेतीन टन दिलेत. पण तो आकडा तिथल्या गाडीचा, तिथल्या हिचचा आणि तिथल्या मॅन्युअलमध्ये छापलेला. आपल्याकडे मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नका असं लिहिलं असेल तर तोच शब्द अखेरचा. त्यामुळे ओवळेकर, आधी ग्लोव्हबॉक्समधलं पुस्तक काढा आणि टोइंगचं पान वाचा. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून ई-मेलवर लेखी घ्या, तोंडी नको.

अजून एक, नोज वेट गाडीच्या भारात मोजलं जातं. तुम्ही पाच जण, धरा ३३० किलो. डिकीत सामान ६०, हिच २५, वर नोज वेट १२०. यातलं बरंचसं मागच्या ॲक्सलवर बसतं, गाडी मागे दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. गाडीचं ग्रॉस वजन (भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा) आणि रिकामं वजन यांतली वजाबाकी करा. १६ फुटी तिथेच अडेल.

बेलापूरची माई

इंजिन-ब्रेकचं मला तुमच्याइतकं कळत नाही, पण सासूबाईंना घेऊन आम्ही चार वर्षं १२ फुटी वापरतोय, म्हणून लिहिते.

ओवळेकर, आईंसाठी घेताय ना? मग बाथरूम किती मोठं, बर्थ किती, हे सोडा. तीन गोष्टी आईंना प्रत्यक्ष नेऊन करून बघायला लावा. दारातून चढणं, संडासात बसून उठणं, रात्री पलंगावरून उतरणं.

ट्रेलरची जमीन दीड फूट तरी उंच असते. बरोबर येणारी घडीची पायरी एकच असते, आणि ती हलते. आम्ही दोन पायऱ्यांचा रुंद लोखंडी ठोकळा करून घेतला, वर खरखरीत पट्टी. एक पायरी सहा इंचांची, सात झाली तर सासूबाई थांबतात. फरक एक इंचाचा, पण गुडघ्याला तो कळतो.

संडास कॅसेटचा घ्या. खालची पेटी बाहेरच्या छोट्या दारातून काढून नेता येते, साधारण १७ ते २० लिटरची असते. पाच जणांनी वापरली तर दीड दिवसात भरते. आमच्याकडे नियम आहे, ती फक्त सासूबाईंची आणि रात्रीची. काकांच्या घरी संडास आहेच, तिथेच रिकामी करा, उघड्यावर किंवा ओढ्याला अजिबात नको. आतली शॉवर आम्ही काढूनच टाकली. त्या जागी संडासाच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे लावले. उठताना टेकायला हात लागतो, शॉवर लागत नाही.

आणि पलंग आडवा नको, लांबीच्या दिशेने हवा. आडव्या पलंगावर आतल्या माणसाला बाहेरच्याच्या अंगावरून उतरावं लागतं. रात्री दोनला हे कोणत्याही आजीला जमणार नाही.

मुलांना बर्थ हवाच का? आमची दोघं चांदणीखाली तंबूत झोपतात आणि त्यांना तेच आवडतं.

कळवा नाका

कागदांबद्दल थोडक्यात. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६१ वाचा. ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक असतोच, शिवाय ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसला पाहिजे. 'नोंदणीची गरज नाही साहेब, मागे नंबर रंगवा' म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका. मंजुरीची कागदपत्रं आधी बघा, ॲडव्हान्स नंतर. गाडीला हिच लावण्याआधी कलम ५२ सुद्धा लक्षात ठेवा, उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही. तुमचं आरटीओ एमएच-०४, नवी मुंबईकरांचं एमएच-४३ किंवा ४६. एकदा स्वतः जाऊन विचारा. विमा कंपनीकडूनही लेखी घ्या की ट्रेलर जोडलेला असताना गाडीचा विमा चालू राहतो, आणि ट्रेलरचा वेगळा काढा.

चालत्या ट्रेलरमध्ये कोणालाही बसवायचं नाही. आईंना 'आडवं पडू दे थोडं' असं वाटलं तरी नाही.

ओवळेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार मोजमापातच गेले.

सोसायटीच्या पोडियम पार्किंगला शिरताना वर बीम आहे, टेप लावला तर उंची २.३ मीटर. दोन्ही ट्रेलर २.६ च्या पुढे. म्हणजे इमारतीत लावायचा विषय संपला. भिवंडी रस्त्याला ओळखीच्यांच्या गोडाऊनच्या आवारात महिन्याच्या भाड्याने जागा मिळतेय, वर पत्रा आहे.

मग काकांना फोन करून गल्ली मोजायला लावली. मुख्य रस्त्यावरून वाडीत वळताना दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा आहे. काकांनी सुंभ धरून मोजलं, आठ फूट चार इंच. १६ फुटी मॉडेल रुंदीला ७ फूट १० इंच. सरळ जाईल, पण वळून शिरणार नाही. १२ फुटी ६ फूट १० इंच आहे.

खरं सांगायचं तर तिथेच माझं मन फिरलं. ट्रेलर मी ठाण्यात बसून निवडत होतो, आणि तो जाऊन उभा राहणार त्या गडग्याच्या आत.

मॅन्युअलचं पान वाचलं, सर्व्हिस सेंटरला ई-मेलही केलाय. त्यांचं लेखी उत्तर आल्याशिवाय हिच लावणार नाही. आता एसीबद्दल सांगा. मे महिन्यात गुहागरला आईला एसी हवा का?

खारघरचा वारा

मोजलंत हे फार छान केलंत. एक टनाचा एसी चालताना हजार-बाराशे वॅट घेतो. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिट. कशीबशी तासभर चालेल. छतावर ४०० वॅटचं सोलर लावलंत तरी रात्रभराचा एसी त्यावर निघत नाही. तुमच्याकडे काकांच्या घरची वीज आहे, तिथून जाड वायर, एमसीबी आणि अर्थिंगसह जोडा, मग एसी खुशाल लावा. वाटेत मुक्काम करणार नसाल तर मोठी बॅटरी, मोठा सोलर सगळं वगळा. तेवढं वजन कमी. फ्रिज कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्टचा घ्या, तो कमी खातो.

एसी छतावर बसवू नका. वजन उंचावर जातं आणि भोक पाडलं की पहिल्या पावसात तिथून गळतं. खाली बाकड्याखाली बसणारे येतात.

टर्नर-फिटर

पावसाचा विषय निघाला म्हणून. गोडाऊनमध्ये पत्रा आहे हे उत्तम. आपल्या हवेत जून ते सप्टेंबर बंद ट्रेलर म्हणजे बुरशीचं घर. प्लायवूडऐवजी फोमचं सँडविच पॅनेल मागा. कोपऱ्यांच्या जोडावर, खिडकीच्या कडेला आणि दिव्यांच्या मागे सील बघा. ताब्यात घ्यायच्या आधी पाइप लावून अर्धा तास छतावर पाणी मारायला सांगा आणि आत बसून कोपऱ्यांवर कोरडा हात फिरवा.

गॅससाठी ५ किलोची छोटी टाकी बास. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरचं भरलेलं वजन तीस किलोच्या घरात जातं. टाकी बाहेरच्या पेटीत ठेवा, पेटीला तळाशी भोकं हवीतच, गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. आत पेटलेली शेगडी ठेवून झोपायचं नाही, थंडीतही नाही.

घाटपाणी

पहिल्यांदा जोडाल तेव्हाची एक सवय लावून घ्या. कपलर बॉलवर बसला, खटका वाजला, खूण हिरवी दिसली, तरी समाधान मानू नका. पुढच्या जॅकचं हँडल उलट फिरवा. कपलर खरंच बसला असेल तर ट्रेलरचं नाक गाडीचा मागचा भाग वर उचलायला लागतं. नाक एकटंच वर आलं तर तो नुसता टेकला होता. मग साखळ्या कपलरखालून एकमेकींना छेद देऊन अडकवा, ब्रेकअवे केबल लावा आणि कोणाला तरी मागे उभं करून इंडिकेटर, ब्रेकलाइट बघून घ्या. दरवेळी, घाई असली तरी.

आणि रिव्हर्सची प्रॅक्टिस रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात, गडग्याच्या तोंडाशी नव्हे. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात सरकवा. थोडं, अगदी थोडं.

ओवळेकर

अडीच महिन्यांनी लिहितोय. १२ फुटी घेतला. एका ॲक्सलचा, ओव्हररन ब्रेकचा, ॲक्सलवर १३५० किलोची प्लेट. गाडीबाबतचं लेखी उत्तर हातात आल्यावर चासीला हिच लावला. विमा आणि नोंदणी दोन्ही झाली.

काल कळंबोलीला काट्यावर नेला. विक्रेत्याने ७२० सांगितलं होतं, रिकामा निघाला ७९०. पाणी, गाद्या, गॅस, पायऱ्यांचा ठोकळा, भांडी भरून ९६०. नोज वेट बाथरूमच्या काट्यावर ७५, म्हणजे आठ टक्क्यांच्या जवळ. टाकी ॲक्सलच्या किंचित पुढे घ्यायला लावली होती. ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामीच न्यायची, अर्धी नाही, हेही आता कळलंय. अर्ध्या टाकीत पाणी हिंदकळतं ते गाडीत जाणवतं.

आईला गोडाऊनवर घेऊन गेलो. माईंनी सांगितलं तसं तिन्ही करून बघितलं. पलंगावर बसली, उठली, संडासाचे दांडे धरून बघितले. पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, त्या चढली. दारात मात्र अडखळली. हँडल उजव्या बाजूला होतं आणि ती चढताना डावा हात टेकते, डावा गुडघा जास्त दुखतो म्हणून. हे मला माहीतच नव्हतं, बावीस वर्षं एका घरात राहून. उद्या डाव्या बाजूला दुसरं हँडल लावतोय, पुढच्या शनिवारी गुहागरला निघू.

टर्नर-फिटर

हँडल लावताना आतून अ‍ॅल्युमिनियमची प्लेट द्यायला सांगा, निदान ३ मिलिमीटरची, आणि आरपार बोल्ट. नुसत्या पॅनेलवर स्क्रू मारून देतील, तो आईंच्या वजनाला दोन महिन्यांत निघून येईल. बोल्टच्या भोकात सील भरायला विसरू नका.